जुन्या गोव्याहून रायतूरकडे

बेळगावहून जांबोटीच्या वाटेने गोव्यास जाऊ लागले म्हणजे चोर्ल्याचा घाट उतरण्यापूर्वी कणकुंबी नावाचे लहानसे गाव लागते. मलप्रभा नदीचा उगम येथलाच. ती पूर्वेकडे वळते, कुडलसंगमापाशी कृष्णेस मिळते आणि कृष्णेच्या सोबतीने बंगालच्या उपसागरास जाते. परंतु याच परिसरात पडलेल्या पावसाचे जे पाणी डोंगराच्या पलीकडच्या अंगाने घरंगळते, ते म्हादईच्या वाटेने मांडवीस मिळते आणि पणजीपाशी अरबी समुद्रात विलीन होते. एकाच ढगातून पडलेले थेंब. पण भूमीच्या एका लहानशा उंचवट्यामुळे त्यांची गती कायमची वेगळी होते. मनुष्याच्या निर्णयांचेही असेच आहे. निर्णयापूर्वीची घटका लहान असते; तिच्यानंतरची वाट मात्र फार लांबची असते.

आम्ही सीमाभागातील एका खेड्याच्या धर्मग्रामातील तीसएक माणसे या वाटेने यात्रेस निघालो होतो. त्यांत शिक्षक होते, आईबाप होते, वरच्या वर्गांतील काही मुले होती आणि आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टरही होत्या. जुन्या गोव्यास संत फ्रान्सिस झेवियर यांचे दर्शन घ्यावे आणि साष्टीतील रायतूरचे धर्मविद्यालय पाहावे, एवढाच आमचा बेत. परंतु गाडीतील प्रत्येकाच्या मनात दुसरीही एक गोष्ट घोळत होती. आमच्या शाळेतील मराठी पहिलीचा वर्ग बंद करून सर्व शाळा इंग्रजी माध्यमाची करावी, असा ठराव पालकांच्या सभेपुढे आला होता. बहुतेक हात वर होण्याच्या बेतात होते. इतक्यात आमचे धर्मगुरू उठून म्हणाले, ‘‘हात खाली घ्या. आज मोजायचे नाहीत. महिन्याभराने पुन्हा जमू. तोवर प्रत्येक घराने प्रार्थना करावी, आपल्या मुलाशी बोलावे आणि शेजाऱ्याच्या मुलाचाही विचार करावा.’’ कित्येकांना हे रुचले नाही. शेजारच्या गावची शाळा मुले ओढून नेते आहे आणि आम्ही मात्र विचारच करीत बसायचे काय, असे काहीजण उघड बोलून दाखवीत होते. आमची यात्रा त्या महिन्यातलीच.

घाट उतरून केरी, साखळी, माशेल अशी गावे मागे टाकीत आम्ही जुन्या गोव्यास पोहोचलो, तेव्हा बारा वाजण्याच्या सुमार होता. से कॅथेड्रलच्या एकाकी मनोऱ्याकडे दृष्टी गेल्याशिवाय राहत नाही. पूर्वी मनोरे दोन होते. एक १७७६ साली कोसळला. उरलेल्या मनोऱ्यात ती प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. आमच्या वाडवडिलांच्या काळी दुपारची घंटा ऐकू आली की नांगरामागचा शेतकरी बैल उभे करी, डोक्यावरची टोपी हातात घेई, देवदूताने पवित्र मरियेस दिलेल्या निरोपाचे स्मरण करी आणि मग पुढचे तास काढी. घड्याळ नसलेल्या माणसाला घंटेने वेळ कळत असे हे खरे. पण हातचे काम हेच सर्वस्व नव्हे, हेही तिच्यामुळे त्याला दिवसातून तीनदा कळत असे.

बॉम जेजूच्या मंदिरात झेवियरांच्या रुप्याच्या पेटीपुढे आम्ही गुडघे टेकले. ही पेटी १६३६–३७ साली गोव्याच्याच कारागिरांनी घडविली. यात्रेकरू येथवर येतात आणि बहुधा येथूनच परततात. आम्ही मात्र फोंड्याच्या रस्त्याने थोडे पुढे गेलो. तेथे रस्त्याच्या कडेस एक जुनी कमान उभी आहे. मागे इमारत नाही, छप्पर नाही. मोकळे आकाश आणि झाडी. सेंट पॉल महाविद्यालयाचा एवढाच काय तो भाग शिल्लक राहिला आहे. पूर्वेकडील ख्रिस्ती विद्येचे हे एके काळी मोठे माहेर होते. भारतातील पहिला छापखाना १५५६ साली आला तो येथेच. कोकणी व मलबारी मुलांच्या शेजारी आफ्रिकेतील आणि दूरच्या पूर्वेकडील मुले या ठिकाणी बाकावर बसत.

या कमानीपाशी आम्हांस दोन गोष्टींची आठवण झाली, आणि त्या दोन्ही एकमेकींसमोर ठेवून पाहण्यासारख्या आहेत.

पहिली गोष्ट झेवियरांची. ६ मे १५४२ रोजी ते गोव्यात उतरले. हातात एक लहान घंटा घेऊन ते रस्त्यारस्त्याने फिरत, मुलांना व गुलामांना हाक देत आणि त्यांचा घोळका मागे घेऊन देवळात जात. तेथे ते त्यांना धर्मतत्त्वे सोप्या शब्दांत, गाण्याच्या चालीवर शिकवीत. घंटा वाजवून आधी माणसे जमवावीत, त्यांना स्थिर करावे आणि मग शिकवावे, अशी त्यांची रीत होती.

दुसरी गोष्ट या महाविद्यालयाच्या एका रेक्टरांची आहे. १५४८ साली पोर्तुगालहून आन्तोनियो गोमिश नावाचे येशूसंघीय धर्मगुरू आले. ते विद्वान होते, प्रवचनकार म्हणून त्यांची मोठी ख्याती होती आणि उत्साह तर ओसंडून वाहत होता. आल्याबरोबर त्यांनी ठरविले, की कोइंब्रा येथील महाविद्यालयाची शिस्त जशीच्या तशी येथे लागू करायची. ही मुले कोण, कोठली, त्यांची सवय काय, त्यांचे आईबाप काय म्हणतात, हे विचारण्यास त्यांनी उसंत घेतली नाही. मुले कंटाळली, कित्येक कुंपणावरून उड्या टाकून पळाली. पुढे तर त्यांनी या देशातील विद्यार्थ्यांना काढून टाकले आणि त्यांच्या जागी पोर्तुगीज विद्यार्थी भरले. ज्यांच्यासाठी शाळा काढली, तीच मुले शाळेबाहेर! १५५२ च्या आरंभी झेवियर जपानहून परत आले तेव्हा त्यांना हे सर्व दिसले. चीनकडे निघण्यापूर्वी त्यांनी गोमिश यांना रेक्टरपदावरून दूर केले, संघातूनही मुक्त केले आणि महाविद्यालय गास्पार बार्झे यांच्या हाती सोपविले.

गोमिश दुष्ट नव्हते, हे ध्यानात ठेवावे. त्यांना शाळा उत्तम करावयाची होती. दुष्टपणाने शाळांचे जेवढे नुकसान होते, त्याहून अधिक नुकसान चांगल्या हेतूच्या घाईने होत असावे. कारण दुष्टपणा दिसला की लोक सावध होतात. चांगल्या हेतूपुढे मात्र सारे मान डोलवितात. कमानीच्या सावलीत उभे राहून हा इतिहास ऐकताना आमच्या गाडीतील माणसे बराच वेळ गप्प होती. कोणी काही बोलले नाही. पण गावातील सभेची आठवण सर्वांना झाली असावी.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नाटियस यांना ही घाई स्वतःच्या स्वभावातून पुरेपूर ठाऊक होती. १५२२ साली, नुकतेच मनःपरिवर्तन झालेले असताना, मोन्तसेरातच्या वाटेवर त्यांची एका मूर मुसलमानाशी गाठ पडली. पवित्र मरियेच्या कौमार्याविषयी वाद झाला. तो मनुष्य पुढे निघून गेल्यावर इग्नाटियसांच्या मनात आले, की मातेचा मान राखण्यासाठी त्याला गाठून खंजिराने भोसकावे काय? निश्चय होईना. शेवटी त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला; जिकडे खेचर जाईल तिकडे जायचे. देवाच्या कृपेने खेचराने गावाची रुंद वाट सोडून दुसरी वाट धरली आणि एका माणसाचा जीव वाचला. त्यानंतर मान्रेसा येथे ते सुमारे अकरा महिने राहिले. प्रार्थना, उपवास आणि एकांत यांतून मनाच्या हालचाली पारखण्याची जी पद्धत त्यांना सापडली, तीच पुढे ‘आध्यात्मिक साधना’ म्हणून जगास मिळाली. निर्णय खेचरावर सोपविणारा मनुष्य मनाची पारख शिकविणारा गुरू झाला.

शाळेतील मुलांना आवडेल अशी त्यांच्या चरित्रातील आणखी एक गोष्ट आहे. तेहतिसाव्या वर्षी, १५२४ साली, बार्सिलोनात ते लॅटिन शिकावयास बसले. धातूंची रूपे पाठ करू लागले की त्यांच्या मनात अतिशय गोड असे भक्तिविचार उसळून येत आणि अभ्यास बाजूस राही. दुसऱ्या कोणी म्हटले असते, वा! केवढी ही कृपा! इग्नाटियस मात्र क्षणभर थांबले आणि त्यांनी स्वतःस विचारले, ‘‘प्रार्थनेला बसतो तेव्हा हे विचार येत नाहीत, मग नेमके अभ्यासाच्या वेळीच का येतात?’’ हा मोह आहे, हे त्यांनी ओळखले. सान्ता मारिया देल मार या मंदिरात आपले शिक्षक आर्देवोल यांस त्यांनी सर्व सांगितले आणि दोन वर्षे एकही पाठ चुकविणार नाही, असे वचन दिले. वाईट वाटणाऱ्या विचारापुढे थांबणे सोपे आहे. चांगल्या वाटणाऱ्या विचारालाही उंबरठ्यावर थांबवून ‘‘तू कोठून आलास?’’ असे विचारणे, ही खरी पारख.

तिसऱ्या प्रहरी आम्ही रायतूरकडे निघालो. फोंड्यावरून बोरीच्या पुलाने जुवारी ओलांडली की साष्टी महाल लागतो. नदीच्या दक्षिण तीरावर, शेतांच्या व माडांच्या मधोमध एका लहान टेकडीवर रायतूरचे धर्मविद्यालय उभे आहे. यास राशोल असेही म्हणतात. पूर्वी येथे किल्ला होता. त्याची वेस अजून दिसते. १६०६ साली येशूसंघीयांनी या वास्तूची पायाभरणी केली. १७५९ साली पोर्तुगीज सत्तेने त्यांना हाकलून दिले. १७६२ पासून येथे धर्मप्रांताचे धर्मगुरू घडविण्याचे कार्य सुरू झाले, ते आजही चालू आहे. आत शिरताच जाड भिंती, गार पडव्या आणि एक विलक्षण शांतता. आमची मुले नेहमी एकमेकांस ढकलीत चालतात. तेथे ती आपोआप हळू चालू लागली.

मराठी वाचणाऱ्या प्रत्येक ख्रिस्ती कुटुंबाचे या टेकडीशी नाते आहे. फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली येथेच छापले गेले. इंग्लंडमध्ये जन्मलेला हा येशूसंघीय १५७९ साली गोव्यात आला, म्हणजे येण्यात आणि ग्रंथ छापण्यात सदतीस वर्षांचे अंतर. त्या काळातील साष्टी शांत नव्हती. १५८३ साली कुंकळ्ळीस पाच येशूसंघीयांचा व त्यांच्या सोबत्यांचा वध झाला आणि नंतर सत्तेने तेथील गावकऱ्यांना चौकशीवाचून ठार केले. देवळे पाडणे, वध करणे, सूड घेणे या साखळीत कोणत्याही कडीला थांबावेसे वाटले नाही. त्याच मुलखात स्टीफन्स लोकांची भाषा शिकत राहिले. या देशातील माणसे आपली पुराणे कशी ऐकतात, ओवी कशी म्हणतात, हे त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले. आणि मग दहा हजारांहून अधिक ओव्यांतून प्रभू येशूची कथा मराठी भाषेत सांगितली. ज्यास उत्तर द्यावयाचे, त्याचा प्रश्न आधी पुरता ऐकावा, याचे याहून मोठे उदाहरण आपल्या भाषेत क्वचितच सापडेल. त्या सदतीस वर्षांत काही उशीर झाला, असे आज कोणी म्हणेल काय?

उलट उदाहरणही याच गोव्यात घडले. १६८४ साली व्हाइसरॉय कोंदि दि आल्व्होर यांनी फर्मान काढले, की येथील लोकांनी आपली भाषा टाकून तीन वर्षांच्या आत पोर्तुगीज बोलू लागावे. धर्मगुरूंनी व शाळामास्तरांनी ती शिकवावी, असाही हुकूम होता. आज तीन शतके उलटली. फर्मान कागदावर राहिले. कोकणी घराघरांत राहिली आणि १९८७ साली गोव्याची राजभाषाही झाली. भाषा, मुले आणि शाळा यांच्या बाबतीत घाईने घातलेली मुदत सहसा पाळली जात नाही. तेवढ्या काळात दुखावलेली मने मात्र दीर्घकाळ तशीच राहतात. शाळेच्या माध्यमाचा प्रश्न गोव्यात अलीकडेही मिटलेला नाही. १९९० च्या सुमारास तेथील धर्मप्रांताच्या प्राथमिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ साली सरकारने इंग्रजी माध्यमासही अनुदान देण्याचे ठरविले, तेव्हा पुन्हा मोठा वाद झाला. दोन्ही बाजूंस मुलांचे हित इच्छिणारी माणसे होती, हे विसरू नये.

रायतूरच्या पडवीत बसून आमच्या सिस्टरांनी सर्वांस एक जुना नियम समजावून सांगितला. १५९९ साली येशूसंघाने आपल्या सर्व शाळांसाठी अध्यापनाची एक नियमावली तयार केली. त्यात शिक्षकास असे बजाविले आहे, की त्याने शिक्षा करण्यात उतावीळ असू नये आणि चुका हुडकण्यात फाजील चिकित्सक असू नये. शिवाय शिक्षकाने स्वतः विद्यार्थ्यावर हात टाकूच नये. मारण्याची वेळ आलीच, तर ते काम संघाबाहेरच्या वेगळ्या माणसाने करावे. आज आपल्या देशात शाळेत मुलांना मारण्यास कायद्यानेच बंदी आहे आणि ती योग्यच आहे. परंतु त्या जुन्या नियमातले शहाणपण पाहा! रागावलेला शिक्षक आणि शिक्षा यांच्यामध्ये एक माणूस उभा केला, म्हणजे थोडा वेळही उभा राहिला. तो माणूस येईपर्यंत राग निवतो, खरे काय ते कळते आणि कित्येकदा शिक्षेचे कारणच उरत नाही.

प्रभू येशूनेही हेच केले नव्हते काय? व्यभिचाराच्या आरोपाखाली धरून आणलेल्या स्त्रीभोवती लोक दगड घेऊन उभे होते आणि त्याचा निवाडा मागत होते. त्याने तत्काळ उत्तर दिले नाही. तो खाली वाकला आणि बोटाने जमिनीवर लिहू लागला. काय लिहिले ते शुभवर्तमानात सांगितलेले नाही. पण त्या थोड्या वेळात दगड हातातच राहिले. आणि मग त्याच्या एका वाक्याने थोरांपासून आरंभ करून एकेक जण निघून गेला.

यावर आमच्यातील एका वयस्क शेतकऱ्याने शंका काढली. ते म्हणाले, ‘‘सिस्टर, विचार करीत बसणारा माणूस पेरणी चुकवितो. पाऊस कोणासाठी थांबत नाही.’’ शंका रास्त होती. सिस्टरांनी उत्तर दिले, ‘‘काका, थांबणे वेगळे आणि टाळणे वेगळे. १५४० साली झेवियरांना पूर्वेकडे जाण्याची आज्ञा झाली, तेव्हा तयारीस एकच दिवस होता. दुसऱ्याच दिवशी ते रोमहून निघाले. रोज मन तपासण्याची सवय होती, म्हणून त्यांना त्या दिवशी वेगळा वेळ लागला नाही. आपणही बी आधी निवडून ठेवले असेल, तर पहिल्या सरीला पेरणी होते.’’ काका हसले आणि म्हणाले, ‘‘हे मात्र पटले.’’

यात्रेहून परतल्यावर ठरल्या दिवशी सभा भरली. मधल्या महिन्यात एक गोष्ट उघडकीस आली होती. मराठी वर्गांत शिकणारी अकरा मुले अशी होती, की ज्यांचे आईबाप ऊसतोडीच्या टोळीबरोबर बाहेरगावी गेले होते. आजीआजोबांजवळ राहून ती मुले शाळेत येत. पहिल्या सभेस त्यांच्या घरचे कोणीच नव्हते, आणि पायी जाण्याजोग्या अंतरावर त्यांच्यासाठी दुसरी शाळा नव्हती. त्या दिवशी हात मोजले असते, तर ही अकरा मुले मोजण्यात आलीच नसती. सभेत बरीच चर्चा झाली, आवाजही चढले. शेवटी असे ठरले, की चालू असलेले मराठी वर्ग बंद करू नयेत, त्या मुलांनी चौथी पुरी करावी, पहिलीपासून इंग्रजी हा विषय चांगल्या शिक्षिकेकडून शिकवावा आणि माध्यमाचा पूर्ण प्रश्न ऊसतोडीवरची माणसे गावी परतल्यावर, सर्वांच्या उपस्थितीत पुन्हा घ्यावा. सगळे समाधानी झाले नाहीत. दोन कुटुंबांनी आपली मुले काढून नेली, याचे आम्हांस दुःख आहे. थांबल्याने प्रत्येक प्रश्न गोड सुटतो, असे नाही. पण कोणाच्या पाठीमागे त्याचा निकाल लागत नाही, एवढे खरे.

वाचकहो, इग्नाटियसांनी आपल्या संघास दिवसातून दोनदा अंतःकरणाची परीक्षा करण्यास सांगितले आहे. येशूसंघीयांच्या कित्येक शाळांत आजही दुपारी काही मिनिटे मुले हात जोडून गप्प बसतात. रीत सोपी आहे आणि ती खेड्यातल्या घरासही झेपेल. प्रथम मिळालेल्या दानांबद्दल देवाचे आभार मानावेत. मग प्रकाश मागावा. सकाळपासून काय बोललो, काय केले ते डोळ्यांपुढे आणावे. चुकले असेल त्याची क्षमा मागावी. आणि पुढच्या कामासाठी एक निश्चय करावा. पाच पायऱ्या, पाच मिनिटे. मुलाच्या प्रगतिपुस्तकावर सही करण्यापूर्वी, शिक्षकाविरुद्ध तक्रार घेऊन शाळेत जाण्यापूर्वी, वर्गात एखाद्या मुलाचे नाव फळ्यावर लिहिण्यापूर्वी, किंवा सभेत हात वर करण्यापूर्वी या पाचांपैकी एखादी पायरी जरी आठवली, तरी पुरे. आणखी एक गोष्ट त्याच संतांनी सांगितली आहे: मन खिन्न व अंधारलेले असताना पूर्वी केलेला निश्चय बदलू नये. मुलाचे नाव शाळेतून काढण्याचा विचार ज्या रात्री आला, त्या रात्री दाखला मागण्याचा अर्ज लिहू नये. सकाळ होऊ द्यावी.

सुट्टीत मुलांना गोव्यास नेणार असाल, तर समुद्र दाखवाच; तो पाहून ती हरखतील. बॉम जेजूमध्ये संतांपुढे मेणबत्ती लावा. परंतु परतण्यापूर्वी फोंड्याच्या रस्त्यावरील त्या जुन्या कमानीखाली त्यांना एकदा उभे करा. तेथून घाईने शाळेबाहेर काढलेल्या मुलांची गोष्ट त्यांस सांगा, आणि घंटा वाजवीत मुलांना आत बोलावणाऱ्या संताचीही सांगा. दोन्ही ऐकून मुले काय म्हणतात, ते मात्र गप्प बसून ऐका.